दुसरी दीक्षा

सूप वाढून होईपर्यंत तरी त्यानं थांबायला हवं होतं, असं आई पुढे कितीतरी दिवस म्हणत राहिली. जसं काही गरम सूप पोटात गेलं असतं तर ते ऐकणं सोपं गेलं असतं. पण थोरला थांबायचं नाही असं ठरवूनच आला होता. काळा शर्ट, पांढरी कॉलर, बावीस वर्षांत अंगचाच झालेला तो वेष. चेहरा मात्र निकाल खिशात घालून घरी आलेल्या पोरासारखा.

आईबाबांच्या लग्नाला त्या रविवारी पन्नास वर्षं झाली होती. खाली बाबांचं बुकबाइंडिंगचं दुकान बंद होतं. वरच्या खोलीतलं टेबल दोन्ही बाजूंनी ओढून मोठं केलेलं, आणि बसणारी माणसं पाचच. आईबाबा आणि तीन मुलं. मधलीच्या नवऱ्याची खुर्ची गेल्या वर्षीपासून भिंतीला लावून ठेवलेली होती.

"येत्या गुरुवारी मी गोदामात जाणार आहे," थोरला म्हणाला. "तिथं त्यांचे बिशप येताहेत. माझी दीक्षा पुन्हा होणार आहे."

आईच्या हातातली पळी हवेतच थांबली. अर्धं सूप थोरल्याच्या बशीत पडलं होतं, उरलेलं टेबलावर ठिबकायला लागलं.

"पुन्हा म्हणजे?" मधलीनं विचारलं. "दीक्षा म्हणजे काय लायसन्स आहे, रिन्यू करायला?"

धाकटा हसला. एकटाच. मग त्याची नजर बाबांकडे गेली आणि त्यानं हसू गिळलं.

खरं तर या बातमीनं कुणाला आनंद व्हायचाच असेल तर तो बाबांना. पस्तीस वर्षांपूर्वी ते आपल्या चर्चच्या बाकावरून उठले ते परत तिथं बसले नव्हते. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली, धर्मगुरूंनी वेदीमागे जाऊन लोकांकडे तोंड केलं, तोवर त्यांनी सोसलं होतं. पण गुडघे टेकायचा जुना लाकडी कठडा उखडून चर्चच्या मागे भिजत टाकलेला दिसला, त्या दिवशी त्यांनी टोपी घातली आणि ते चालायला लागले. तेव्हापासून, मधलं दीड वर्ष सोडलं तर, दर रविवारी दहा मिनिटांवरचं फर्निचरचं जुनं गोदाम. तिथं जुनी मिस्सा जशीच्या तशी होई. तिथले धर्मगुरू इथल्या बिशपांना मानत नसत. पोपच्या नावानं रोज प्रार्थना करत, पण पोपचा एखादा हुकूम आला की 'हा परंपरेत बसत नाही' म्हणून बाजूला सारत. "साहेबाची तब्येत रोज विचारायची, साहेबाचं पत्र मात्र उघडायचं नाही," असं धाकटा म्हणे. आणि त्याच बाबांचा थोरला मुलगा इथल्या बिशपांच्या हाताखाली, नव्या विधीनं, धर्मगुरू झाला होता. दीक्षेच्या दिवशी बाबा दारापाशी उभे होते. आत आले नव्हते, पण निघूनही गेले नव्हते.

आता त्या बाबांनी चमचा खाली ठेवला.

"तुला दीक्षा झालेली नाही असं कोण म्हणतं?"

"झालेली नाही असं कुणीच म्हणत नाही, बाबा. झाली नसेल अशी शंका आहे. म्हणून सशर्त करायची. 'जर आधी झाली नसेल, तर आता देतो,' असं म्हणून."

"जर," मधली म्हणाली.

"हो. जर."

आईनं पळी भांड्यात सोडली आणि ती खाली बसली. तिला दीक्षेतलं फारसं कळत नव्हतं, मुलाचा चेहरा मात्र कळत होता. नवव्या वर्षी सायकलवरून पडून हात मोडून आला होता तेव्हा त्यानं असाच, आवाज न वाढवता, "आई, हात मोडलाय" म्हणून सांगितलं होतं.

"शंका आली कुठून?" तिनं विचारलं.

थोरल्यानं धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याला तेव्हा कुठे उमगलं.

*

धाकटा साउंडचं काम करायचा. लग्नं, सभा, शाळांची संमेलनं. स्पीकर आणि माइक त्याचे. देव वगैरे तो मानत नव्हता, आणि हे घरात सगळ्यांना माहीत असल्यामुळे त्यावर भांडण उरलं नव्हतं. लग्नाच्या या पन्नासाव्या वाढदिवसाची भेट म्हणून त्यानं सहा महिने आधीच, महिनाभर खपून, घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट साफ करून कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या. त्यात दीक्षेचीही होती. कॅमेरा त्यानंच धरला होता तेव्हा. साफ झाल्यावर पहिली फाइल त्यानं दादालाच पाठवली होती. 'बघ, केस होते तुला,' असं वर लिहूनही.

"त्या कॅसेटमधून?" त्यानं विचारलं.

"लाव ती," थोरला म्हणाला. "सत्तेचाळिसाव्या मिनिटापासून."

धाकट्यानं फोन सूपच्या भांड्याला टेकवून उभा केला. पडद्यावर जुने बिशप दिसले. गोल चेहऱ्याचे, हसरे, सगळ्यांचे लाडके. आठ वर्षांपूर्वी वारले. पुस्तकात बघून बोलायची त्यांना सवय नव्हती. प्रार्थना ते आपल्याच शब्दांत म्हणत, आणि लोकांना ते फार आवडायचं. त्यांच्यासमोर गुडघ्यांवर थोरला. बिशपांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले, मग हात पसरून मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. शब्द स्पष्ट ऐकू येत होते. मग एकदम खरखर. मग पुन्हा स्पष्ट: "…आणि त्याला सेवेचं बळ दे, बापा."

"इथं," थोरला म्हणाला. "इथं एक वाक्य आहे. सगळी दीक्षा त्या एका वाक्यावर उभी असते. 'या तुझ्या सेवकाला याजकपद दे.' बाकी काहीही बदललं तरी चालतं, हे चालत नाही. ते बिशप म्हणाले का? मी शंभर वेळा ऐकलंय. 'याजकपद' मला ऐकू येत नाही."

"ऐकू कसं येईल?" धाकटा उसळला. "केबल सैल होती, दादा! अडीच सेकंद आवाज गेलाय. माइकची केबल माझ्या पायात आली होती. अडीच सेकंदात माणूस आख्खं वाक्य बोलतो."

"बोलतो. किंवा दुसरंच काहीतरी बोलतो. ते बोलायचेच दुसरं काहीतरी, सगळ्यांना माहीत आहे."

"तिथं शंभर माणसं होती!"

"एकशेचाळीस. अकरा जणांना विचारलं मी. सगळे म्हणाले, फार सुंदर झालं होतं. एकालाही शब्द आठवत नाहीत. तुम्हाला आठवतात, बाबा? तुम्ही दारात होतात."

बाबांनी मान हलवली. दारात उभं राहून त्यांनी त्या वेळी कान बंद करून घेतले होते. नव्या भाषेतली प्रार्थना त्यांना ऐकायचीच नव्हती. हे त्यांनी त्या टेबलावर कुणाला सांगितलं नाही.

"बिशपांना विचारायचंस," आई म्हणाली. "आताच्या."

"विचारलं. सहा पानांचं पत्र लिहिलं, कॅसेट पाठवली. कार्यालयातून तीन ओळी आल्या. 'चौकशीची आवश्यकता वाटत नाही. अशा शंकांनी श्रद्धावंतांत गोंधळ माजतो. थोडी विश्रांती घ्यावी.'" थोरल्याच्या आवाजाला पहिल्यांदाच धार आली. "विश्रांती! मी त्यांना विचारतोय की मी धर्मगुरू आहे का, आणि ते मला सुट्टी घ्यायला सांगतात. गोदामातल्या फादरांनी मात्र दोन संध्याकाळ बसून ते ऐकलं. कान लावून."

"गोदामवाल्यांना काय, आयतंच सापडलं," धाकटा म्हणाला. पण त्यात जोर नव्हता. तो अजून त्या अडीच सेकंदांकडेच बघत होता.

*

मधली चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. 'आता बरं दिसतं, की आता?' हे दिवसातून दोनशे वेळा विचारायची सवय असलेली ती बाई. तिला अर्धवट उत्तर चालत नसे.

"दादा, सरळ सांग. शंका कशाकशावर आहे?"

"बाप्तिस्म्यांवर नाही. तो कुणीही देऊ शकतं. लग्नांवरही नाही, तो संस्कार नवराबायको एकमेकांना देतात."

"मग?"

"मिस्सा," तो मिठाच्या भांड्याकडे बघत म्हणाला. "आणि कन्फेशन."

पाव ख्रिस्तशरीर होणं आणि कबूल केलेल्या पापांची क्षमा, ही दोन्ही फक्त खऱ्या धर्मगुरूच्या हातून होतात, हे त्या टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं.

चौदा महिन्यांपूर्वी तिचा नवरा गेला. बस चालवायचा. त्याच्या आधी बारा वर्षं, एका वळणावर त्याच्या बसखाली एक सायकलवाली बाई आली होती. कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. त्यानं स्वतःला सोडलं नाही. पुन्हा कधी तो चर्चची पायरी चढला नाही. मधलीनं रागावून पाहिलं, रडून पाहिलं, मग नाद सोडला. आजार शेवटाला आला तेव्हा एका सकाळी तोच म्हणाला, "तुझ्या दादाला बोलाव." थोरला आला. दार लावून दोघं पाऊण तास आत होते. बाहेरच्या बाकावर ती आणि धाकटा. दार उघडलं तेव्हा नवऱ्याचा चेहरा तिला ओळखू येईना. बारा वर्षांपूर्वीचा तो चेहरा ती विसरूनच गेली होती. त्यानं खिडकी उघडायला सांगितली. दोन दिवसांनी तो गेला. त्यानंतरच्या चौदा महिन्यांत जेव्हा जेव्हा तिला पाय उचलवेना, तेव्हा ती त्या चेहऱ्याच्या आधारानं उठली होती.

"यांचं कन्फेशन," ती म्हणाली. "ते झालं की नाही?"

"अगं, देवाला संस्कारांचं बंधन नाही. त्यांना मनापासून पश्चात्ताप झाला होता. मी साक्षीदार आहे त्याला. देव त्यांना—"

"मी देवाचं नाही विचारलं. तुझं विचारलंय. तू त्यांना 'मी तुला मुक्त करतो' म्हणालास. केलंस की नाही?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

ती उठली नाही, ओरडली नाही. तिनं रुमाल घडी करून बशीशेजारी ठेवला.

"देवाला बंधन नाही म्हणतोस. मग तुला रे कशाला हवी दुसरी दीक्षा? माझ्या नवऱ्याला पश्चात्ताप पुरतो, आणि तुला पुरत नाही? तुझ्यासाठी पक्कं काम, आमच्यासाठी देव बघून घेईल?"

"तसं नाही. पुढं जे माझ्याकडे येतील त्यांच्यासाठी तरी—"

"पुढचे! आणि मागचे?"

तेवढ्यात बाबा बोलले. इतक्या हळू की सगळ्यांनाच गप्प व्हावं लागलं.

"आणि मी?"

थोरल्यानं वर पाहिलं. या प्रश्नाची त्याला खरोखरच कल्पना नव्हती, हे आईला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"दीड वर्ष," बाबा म्हणाले. "तू माझ्यासाठी जुनी मिस्सा शिकलास. तेव्हाच्या पोपनी परवानगी दिली होती, तू तुझ्या चर्चमध्ये रविवारी दुपारी ती करायला लागलास. मी गोदाम सोडून तुझ्याकडे आलो. दीड वर्ष तुझ्या हातून ख्रिस्तशरीर घेतलं. मग वरून हुकूम आला, जुनी मिस्सा बंद. तू बंद केलीस, मी परत गोदामात गेलो. माझी तक्रार नाही. पण त्या दीड वर्षात मी तुझ्यापुढे गुडघे टेकले ते कशापुढे? पावापुढे?"

"बाबा, तुम्हीच तर म्हणत होता, नवे विधी सगळे पोकळ—"

"मी भांडत होतो!" बाबांची मूठ टेबलावर पडली आणि फोन भांड्यावरून घसरून उपडा झाला. "मला कठडा हवा होता. लॅटिन हवं होतं. शांतता हवी होती. तुमच्या त्या गिटारी नको होत्या. पण तुझे हात रिकामे आहेत असं मी एकदा तरी म्हणालो का? बावीस वर्षांत एकदा?"

एकदाही म्हणाले नव्हते. सगळ्यांनी आठवून पाहिलं. त्यांनी बिशपांना नावं ठेवली होती, पोपना ठेवली होती, नव्या स्तोत्रांना तर रोज ठेवत. पण थोरल्यानं सणाला घरी येऊन जेवणाआधी आशीर्वाद दिला की म्हातारा मान खाली घालून, ओठ घट्ट मिटून, तो घ्यायचा.

आई उठून आतल्या खोलीत गेली. आली तेव्हा तिच्या हातात चौकोनी घडी घातलेलं पांढरं सुती कापड होतं. दीक्षेत थोरल्याच्या तळव्यांना तेल लावलं, ते या कापडानं पुसलं होतं. हे आईला देतात. ती गेल्यावर तिच्या हातात ठेवून पुरायचं असतं, म्हणजे देवापुढे उभं राहताना तिला म्हणता येतं की मी धर्मगुरूची आई. बावीस वर्षं तिनं ते कपाटात, तिच्या लग्नाच्या पोशाखाखाली जपलं होतं.

"गुरुवारी नवं मिळणार का मला?" तिनं विचारलं. तिला टोमणा मारायचा नव्हता, खरंच माहीत करून घ्यायचं होतं. "मग हे कुठं ठेवू?"

धाकट्यानं उठून आईच्या खांद्यावर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदा तो दादाला म्हणाला, "पुरे आता. बास कर."

मधलीनं पर्स उचलली. दारापाशी ती वळली.

"दादा, त्या सकाळी तू आत गेलास तेव्हा तुझी खात्री होती? तू धर्मगुरू आहेस याची?"

"होती."

"मग ती खात्री तू माझ्या नवऱ्याला देऊन टाकलीस. ती त्यांची आहे. ती तुला परत घेता येणार नाही. तुला गुरुवारी काय करायचं ते कर."

जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत राहिला. धाकटा किल्ल्या घेऊन तिच्या मागे गेला. सूप थंड झालं होतं, त्यावर साय धरली होती. बाबांनी थोरल्याकडे न बघता म्हटलं, "चल खाली."

*

दुकानात सरसाचा आणि चामड्याचा वास होता. रविवार असल्यामुळे फळ्या लावलेल्या. वरच्या काचेतून तेवढा दुपारचा उजेड येत होता. लोखंडी दाबात एक जाड पुस्तक आवळून ठेवलेलं होतं. लाल कातडं, कण्यावर शिवणीचे पाच उंचवटे, सोनेरी कडा.

"हे ओळखलंस?" बाबांनी विचारलं. "बिशपांचं विधीचं पुस्तक. गोदामातल्या फादरांनी महिन्यापूर्वी आणून दिलं. म्हणाले, पुढच्या महिन्यात मोठी आनंदाची गोष्ट आहे, तोवर हवंय. कसली आनंदाची, मी विचारलं. हसले नुसते. मी शिवतोय, घासतोय, सोनं लावतोय. माझ्याच मुलासाठी." ते स्टुलावर बसले. "पस्तीस वर्षं मी तिथं पहिल्या बाकावर आहे. मला त्यांनी सांगितलं नाही."

"मीच नको म्हणालो होतो. तुम्हाला मला सांगायचं होतं. वाटलं, तुम्हाला…" थोरला थांबला. "वाटलं, तुम्ही उठून मला जवळ घ्याल."

बाबांनी बराच वेळ दाबाच्या चाकावरून अंगठा फिरवला.

"राजीनामा दिलास?"

"शुक्रवारी. रजिस्टर पोस्टानं. उद्या बिशपांच्या हातात पडेल."

"म्हणजे आज अजून तू त्यांचा आहेस."

"आज, हो."

बाबा स्टुलावरून उठले. एक हात कटिंग मशिनच्या कडेला धरून त्यांनी आधी उजवा गुडघा टेकला, मग डावा. खाली कागदाच्या कातरणांचा ढीग होता, त्यातच.

"बाबा, काय करताय?"

"कन्फेशन ऐक माझं."

बावीस वर्षांत बाबांनी हे कधी मागितलं नव्हतं. दुपारच्या त्या मिस्सेच्या दीड वर्षातही नाही. कन्फेशनला ते गोदामातच जात. मुलापुढे मन उघडं करणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

"मला नाही करता येणार. मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. मला खात्री नाही."

"मला आहे," बाबा म्हणाले. "बस."

तो बसला. बाबांच्याच स्टुलावर. खिशात नेहमी असायची ती कन्फेशनची जांभळी पट्टी त्यानं काढली आणि गळ्यात घातली. हात सवयीनंच चालले, त्यांना कुणी विचारलं नाही. बाबा बोलायला लागले. काय बोलले ते त्या दोघांत राहिलं, आणि राहायलाच हवं. वेळ लागला तेवढा लागला. मध्ये एकदा फळ्यांबाहेरून गाडी गेली, एकदा वर आईनं भांडी उचलल्याचा आवाज आला.

मग बाबा थांबले आणि त्यांनी मान खाली घातली, उजवा कान जरा वर करून.

थोरल्यानं हात उचलला. त्याच्यापुढे एक वाट होती, ती त्याला ठाऊक होती. लॅटिनमध्ये 'जर'साठी 'सि' असा एवढासा शब्द आहे. तो आधी लावायचा. 'जर मला अधिकार असेल, तर मी तुला मुक्त करतो.' शंका असलेल्या माणसानं असंच म्हणायला हवं. ते प्रामाणिक झालं असतं. पण समोरच्या माणसानं लॅटिन जन्मभर कानांत साठवलं होतं. तो 'सि' त्याला ऐकू आल्याशिवाय राहिला नसता. आणि थोरल्याला जाणवलं की अडचण बाबांच्या कानांची नाही. हात वर होता, समोर पिकलेलं डोकं होतं, आणि तो शब्द त्याच्या तोंडात येतच नव्हता. पुन्हा पुन्हा शोधूनही येत नव्हता. सहा पानी पत्रात, गोदामातल्या दोन संध्याकाळी, मघाशी टेबलावर तो सहज आला होता. इथं नाही.

"एगो ते अब्सोल्वो," तो म्हणाला. मी तुला मुक्त करतो. पुढचं सगळं. हातानं क्रूस केला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"आमेन," बाबा म्हणाले. मग हात वर केला. "आता उठव मला. गुडघे गेले."

*

गुरुवारी गोदामात पावणेदोनशे माणसं जमली. बिशप आले, गायकवृंद आला. लाल पुस्तक बाबांनी बुधवारीच पोचतं केलं होतं. घेतलेलं काम अर्धवट ठेवायची त्यांना सवय नव्हती. पहिल्या बाकावरची त्यांची जागा मात्र रिकामी होती. आणि ज्याच्यासाठी सगळे जमले होते तोही आला नाही. सकाळी सहा वाजता त्यानं तिथल्या फादरांना फोन करून दोन वाक्यांत सांगितलं होतं. फादर म्हणाले, "हा तुमच्या घरच्यांचा दबाव आहे." थोरला नाही म्हणाला. "मग कारण काय?" त्यावर थोरल्यानं फोन ठेवला.

शनिवारी बिशपांच्या कार्यालयातून पत्र आलं. राजीनामा पोचला. गोदामाशी संबंध ठेवल्याबद्दल चौकशी होईल, तोवर मिस्सा करायची नाही, कन्फेशन ऐकायचं नाही, राहती खोली पंधरा दिवसांत सोडावी. या वेळी तीन ओळी नव्हत्या. दीड पान होतं. आईनं ते वाचलं, परत वाचलं. "बघ," ती बाबांना म्हणाली, "तो आहे का नाही विचारत होता तेव्हा यांना वेळ नव्हता. आता काढून घ्यायचंय तर बरोब्बर माहीत आहे त्याच्याकडे काय आहे ते." बाबांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांत बिशपांविरुद्ध ती पहिल्यांदाच बोलली होती.

मधली पुढच्या रविवारी आली. मधल्या आठवड्यात तिनं कुणाचा फोन घेतला नव्हता. जे कळलं ते धाकट्याकडून. ती वर न जाता दुकानातच थांबली. थोरला बाबांच्या कटिंग मशिनपाशी उभा होता. साधा शर्ट, उघडा गळा. त्याची मान इतकी गोरी असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"गेला नाहीस म्हणे."

"नाही."

"माझ्यासाठी?"

"नाही गं."

"बाबांसाठी?"

"त्यांच्यासाठीही नाही. गुरुवारी बिशप म्हणणार होते, 'जर.' आणि मला 'हो' म्हणायचं होतं त्याला. रविवारी एकदा मला स्वतःला तो शब्द म्हणायची वेळ आली. आला नाही. मग त्यांनी म्हटलेला मी कसा चालवून घेऊ?"

"म्हणजे आता खात्री आहे तुझी?"

"कॅसेटवर अजून खरखरच आहे," तो म्हणाला. "ती जाणार नाही. एवढंच की त्या दिवशी हात वर केला आणि…" त्यानं हात थोडा उचलला, मग स्वतःलाच लाज वाटून खाली घेतला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. राग गेला नव्हता. बहुतेक लवकर जाणारही नव्हता. चौदा महिने जे तिच्या पायाखाली घट्ट होतं ते त्यानं एका दुपारी हलवलं होतं, आणि ते पुन्हा घट्ट झालंय की नाही हे पाय ठेवल्याशिवाय कळणार नव्हतं.

"मग तू आता आहेस तरी कोण?" तिनं विचारलं.

"काय माहीत. बिशप म्हणतात, मी धर्मगुरू आहे पण काम करायचं नाही. गोदामवाले आता म्हणतात, मी कधी नव्हतोच."

मधलीनं पर्स टेबलावर ठेवली.

"दोघांनाही सांग," ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला विचारा म्हणावं."